रिकॉइल स्प्रिंग किती पौंडांची घ्यावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे स्पर्धेच्या पिस्तुलातील रिकॉइल स्प्रिंगविषयी आहेत. गोळी सुटल्यावर पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो; त्याला परत पुढे आणून बंद करणारी ती ही स्प्रिंग. ही पत्रे लिहिणारे वाचक वेगवेगळ्या देशांत राहतात आणि नेमबाजीचे वेगवेगळे प्रकार खेळतात. प्रश्न वरवर एकच वाटला तरी खेळाचा प्रकार बदलला की उत्तर किती बदलते हे शेजारी शेजारी वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून सध्या टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षापासून यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्थानिक सामन्यांत सिंगल स्टॅक (मॅगझिनमध्ये काडतुसांची एकच रांग असलेल्या पिस्तुलांच्या) गटात ९ मिमीच्या, पाच इंची नळीच्या १९११ नमुन्याच्या पिस्तुलाने खेळतो. पिस्तूल घेतले तेव्हा त्यात १४ पौंडांची स्प्रिंग होती. माझा मित्र ९ पौंडांची वापरतो, क्लबातले एक ज्येष्ठ नेमबाज १२ च्या खाली उतरू नका असे बजावतात आणि एकाने तर ८ पौंडांची स्प्रिंग माझ्या हातातच ठेवली. यांतली नेमकी कोणती बसवावी? हलकी स्प्रिंग लावली की झटका कमी होतो, हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या पत्रात स्प्रिंगचे चार आकडे आहेत, पण आपण कोणते काडतूस वापरता आणि त्याच्या गोळीचा वेग किती, याचा उल्लेख नाही. मी सुरुवात तिथूनच करीन, कारण स्प्रिंग ही काडतुसाच्या मापाने निवडायची वस्तू आहे. काडतूस ठरलेले नसताना स्प्रिंग निवडणे म्हणजे पायाचे माप न घेता वहाण शिवण्यासारखे आहे.

आपल्या गटात ९ मिमी म्हणजे मायनर, कमी ताकदीच्या काडतुसांचा वर्ग. गोळीचे ग्रेन या लहान मापातील वजन आणि तिचा दर सेकंदाला फुटांमधील वेग यांच्या गुणाकाराला १००० ने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो, आणि मायनरसाठी तो किमान १२५ भरावा लागतो. १४७ ग्रेनची गोळी ८८५ फूट वेगाने जात असेल तर तो १३० येतो, आणि १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगाने गेली तरी १३० च येतो. कागदावर दोन्ही सारख्या असल्या तरी हातात त्या सारख्या लागत नाहीत. जड आणि सावकाश गोळीचा झटका ढकलल्यासारखा येतो, हलक्या आणि वेगवान गोळीचा चापट मारल्यासारखा. मोठ्या सामन्यात पंच आपल्याकडची काडतुसे घेऊन त्यांचा वेग मोजतात आणि १२५ च्या खाली भरल्यास त्या सामन्यातले आपले गुण धरले जात नाहीत. म्हणून हवामानाचा आणि यंत्रायंत्रांतला फरक पोटात घेईल असा १३० च्या आसपासचा भार (काडतुसाची ताकद) मला योग्य वाटतो. आधी हे काडतूस पक्के करावे, आपल्याच पिस्तुलातून क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून घ्यावे, आणि मगच स्प्रिंगकडे वळावे.

आता पाकिटावरच्या आकड्याविषयी. १४ पौंडांची स्प्रिंग म्हणजे स्लाइड पूर्ण मागे गेलेली असताना जी १४ पौंडांचा, म्हणजे सुमारे ६.३५ किलो वजनाइतका जोर देते ती. वुल्फसारखे नावाजलेले उत्पादक स्प्रिंगांना याच रीतीने आकडा देतात. स्लाइड बंद असतानाचा जोर यापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि तो पाकिटावर लिहिलेला नसतो. म्हणूनच दोन वेगळ्या उत्पादकांच्या ११ पौंडी स्प्रिंगा एकाच पिस्तुलात वेगळ्या वागू शकतात. शेवटचा जोर एकच असला तरी एकीचा सुरुवातीचा दाब जास्त असतो आणि दुसरीचा कमी. मित्राच्या स्प्रिंगचा आकडा ऐकून आपली स्प्रिंग ठरवू नये, याचे हे पहिले कारण.

झटका कमी होतो का, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. गोळी आणि तिच्यामागचा वायू पुढे गेला की तितकाच संवेग मागे येतो, आणि तो शेवटी आपल्या हातात यायचाच असतो. स्प्रिंग कोणतीही घातली तरी ती हे देणे कमी करत नाही, फक्त त्याचे हप्ते बदलते. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते तोवर स्लाइड जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेली असते, त्यामुळे स्प्रिंगचा गोळीच्या वेगावर किंवा त्या गोळीच्या नेमावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो पुढच्या गोळीवर, म्हणजे फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेम धरण्याची खूण) किती वर उडते, कोणत्या वाटेने परत येते आणि जागेवर येऊन थांबते की जागा ओलांडून खाली जाते, यावर.

प्रत्येक गोळीमागे हाताला दोन धक्के बसतात. पहिला धक्का स्लाइड मागे जाऊन पिस्तुलाच्या खालच्या स्थिर सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर, आदळते तेव्हाचा, दुसरा ती पुढे येऊन बंद होते तेव्हाचा. जड स्प्रिंग पहिला धक्का मऊ करते, पण स्वतःत साठवलेली ती सगळी ताकद परतीच्या वाटेवर स्लाइडला देते आणि बंद होताना पिस्तुलाचे तोंड खाली बुडवते. हलकी स्प्रिंग स्लाइडला मागे मोकळी सोडते, तिथला ठोका अधिक ठणठणीत लागतो, पण परत येताना स्लाइड हलकेच बंद होते आणि फ्रंट साइट जागच्या जागी राहते. मायनर भाराला १४ पौंडांची स्प्रिंग लावल्यावर पुष्कळांना पिस्तूल ‘डोके हलवते’ असे वाटते, ते या दुसऱ्या धक्क्यामुळे. म्हणूनच स्पर्धेत ९ मिमीच्या १९११ मध्ये साधारणपणे ९ ते १२ पौंडांच्या दरम्यानच्या स्प्रिंगा दिसतात. आपला मित्र आणि आपले ज्येष्ठ दोघेही या पट्ट्यातच आहेत, त्यामुळे दोघांपैकी कोणीही चुकीचे सांगत नाही. फक्त ते आपापल्या काडतुसाविषयी आणि आपापल्या मनगटाविषयी बोलत आहेत.

आपली स्प्रिंग शोधण्याची रीत अशी. १२, ११, १० आणि ९ पौंडांच्या नव्या स्प्रिंगा एकाच उत्पादकाच्या घ्याव्यात. त्या फार महाग नसतात आणि एका दुपारच्या सरावात उत्तर मिळते. प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या नेलपेंटचा ठिपका लावावा, कारण पाकिटाबाहेर काढल्यावर १० ची आणि ११ ची नजरेने ओळखता येत नाही. सात ते दहा मीटरवर कोरा कागद लावून त्यावर एक लहान चौकोन काढावा आणि दोन-दोन गोळ्या, सामन्यात मारता त्याच वेगाने, अशा दहा जोड्या प्रत्येक स्प्रिंगने माराव्यात. दुसरी गोळी मारताना साइटची वाट पाहायची नाही, आपल्या नेहमीच्या तालात ट्रिगर ओढायचा. दुसऱ्या गोळ्यांची भोके सातत्याने पहिलीच्या खाली पडत असतील तर पिस्तूल बंद होताना बुडते आहे, म्हणजे स्प्रिंग आपल्याला जड आहे. ती सातत्याने वर पडत असतील तर साइट अजून परतीच्या वाटेवर असतानाच गोळी सुटते आहे, म्हणजे स्प्रिंग हलकी आहे. भोके डावी-उजवीकडे पसरत असतील तर तो स्प्रिंगचा दोष नव्हे. ती पकड सुधारण्याची गोष्ट आहे आणि तिला स्प्रिंगचे औषध लागू पडत नाही.

जोडीला मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने बाजूने चित्रण करावे. स्लाइडचा मागे-पुढे असा पूर्ण फेरा साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात उरकतो, म्हणजे तो दहा-बारा चित्रांत पकडला जातो. स्लाइड बंद होते त्या चित्रावर थांबावे आणि त्यानंतरची तीन-चार चित्रे एकेक करून पाहावीत. पिस्तुलाचे तोंड आडव्या रेषेवर येऊन स्थिरावते की रेषेखाली जाऊन पुन्हा वर येते, हे इथे स्वच्छ दिसते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा ज्या स्प्रिंगला मी हातावरून ‘मऊ’ म्हणत होतो, तिच्यातच तोंड सर्वांत जास्त बुडत होते. हाताला मऊ लागणे आणि साइट लवकर स्थिरावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुण दुसरीचे मिळतात. स्लाइडचा फेरा कोणत्याही बोटापेक्षा वेगवान असतो. उत्तम नेमबाजाच्या दोन गोळ्यांमध्येही सेकंदाच्या आठव्या-सातव्या भागाइतके अंतर असते. त्यामुळे ‘हलक्या स्प्रिंगने पिस्तूल जलद चालते’ या बोलण्यात आपल्या उपयोगाचे काही नाही.

रिकाम्या पुंगळ्याही पुष्कळ सांगतात. जमिनीवर ताडपत्री अंथरून त्या कुठे पडतात ते पाहावे. चार ते सहा फुटांवर, एकाच भागात पडत असतील तर सामान्यतः जुळणी ठीक असते. पायाशीच गळत असतील तर त्या भारासाठी स्प्रिंग जड असण्याचा संभव आहे, आणि पंधरा-वीस फुटांवर भिरकावल्या जात असतील तर स्लाइड फार जोरात मागे जाते आहे. मात्र पुंगळी नळीतून ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा ताण आणि तिला बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरची लांबी यांनीही पुंगळीची दिशा आणि अंतर बदलते, म्हणून एकट्या पुंगळ्यांच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

१९११ मध्ये आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. स्लाइडला मागे जाताना केवळ रिकॉइल स्प्रिंग अडवत नाही, फायरिंग पिनवर आदळून गोळी उडवणारा हॅमरही अडवतो, आणि सुरुवातीच्या क्षणी हॅमरची अडवणूक महत्त्वाची असते. पिस्तूल बंद असताना स्लाइडच्या मागच्या टोकातली फायरिंग पिन स्टॉप नावाची छोटी पट्टी हॅमरला टेकलेली असते, आणि मागे सरकताना तिच्या खालच्या कडेने हॅमर मागे पाडला जातो. ही कडा मोठ्या गोलाईने घासलेली असेल तर ती हॅमरला वरच्या बाजूला, त्याच्या आसापासून लांब ढकलते आणि हॅमर सहज मागे पडतो. कडा जवळजवळ चौकोनी, अगदी लहान गोलाईची असेल तर ती हॅमरला आसाजवळ ढकलते. तरफ आखूड झाल्यामुळे हॅमर पाडायला जास्त जोर लागतो आणि स्लाइड आरंभीच थोडी रोखली जाते. १९११ च्या मूळ आराखड्यातली कडा अशीच लहान गोलाईची होती. तिचा मोठा गुण हा, की ती मागे जाणाऱ्या स्लाइडला रोखते, पण जड स्प्रिंगसारखी परतीच्या वाटेवर ते बळ पुढे ढकलण्यात घालत नाही. त्यामुळे अशी पट्टी बसवून १० पौंडांची स्प्रिंग वापरणारा आणि गोल कडेची पट्टी ठेवून १० पौंडांची वापरणारा, हे दोघे वस्तुतः वेगळी पिस्तुले चालवत असतात. ट्रिगर हलका करण्यासाठी नेहमीच्या २३ पौंडांच्या जागी १७ किंवा १९ पौंडांची हॅमर स्प्रिंग कोणी आधीच घातली असेल, तर स्लाइडची ही अडवणूक तेवढी घटलेली असते हेही लक्षात ठेवावे. आपले पिस्तूल वापरलेले घेतले असेल तर आत काय आहे ते जाणकार गनस्मिथकडून पाहून घ्यावे. ही पट्टी नेमकी बसवणे हे कानशीचे काम आहे आणि ते शिकाऊ हाताने करू नये.

आता खालची मर्यादा. पिस्तुलाने स्प्रिंग हलकी सहन केली पाहिजे. निवड पक्की करण्याआधी तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली, मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून गोळी झाडावी, स्लाइड मागे अडकून उघडी राहिली पाहिजे. हे दहा वेळा करावे, त्यांपैकी काही वेळा एका हाताने आणि काही वेळा कमजोर हाताने, कारण सामन्यात असा प्रसंग येतोच. दुसरी, मॅगझिन पूर्ण भरून पहिले काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत) चढते का ते पाहावे. भरल्या मॅगझिनमधले वरचे काडतूस सर्वांत घट्ट बसलेले असते आणि हलक्या स्प्रिंगला ते ओढून नेणे सर्वांत जड जाते. तिसरी, दोनशे गोळ्या न पुसता झाडून मळक्या पिस्तुलात हेच पुन्हा करावे. तिन्हींत एकदाही अडखळ आली तर एक पौंड वर चढावे. आपल्या हाती दिलेली ८ पौंडांची स्प्रिंग मी या पिस्तुलात वापरणार नाही. १९११ मध्ये तिने कदाचित मिळेल ते साइटचे सुख केसभर असेल आणि एका अडकलेल्या काडतुसाने त्या फेरीचा हिशेब बुडेल. आपल्या वर्णनावरून, १४७ ग्रेनच्या गोळीने १३० चा भार असल्यास, मी ११ पासून सुरुवात करून १० पर्यंत उतरेन, आणि तिथे समाधान वाटल्यास आणखी खाली जाणार नाही.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरला राहतो. मुलगी सतरा वर्षांची असून २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. तिच्या .२२ पिस्तुलात सरावाच्या वेळी शंभरात एक-दोनदा काडतूस अडकते. तिच्याबरोबर सराव करणाऱ्या एका मुलाने हलकी रिकॉइल स्प्रिंग बसवण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे झटकाही कमी होईल असे तो म्हणतो. अशी स्प्रिंग परदेशातून कुरिअरने मागवता येईल का?

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात चूक झाली तर ती महागात पडेल. कुरिअरने मागवू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, आणि एक साधे तारेचे वेटोळे दिसणारी वस्तू सीमाशुल्काच्या टेबलावर पिस्तुलाचा भाग म्हणून उघडली जाऊ शकते. आपल्या मुलीच्या पिस्तुलाचे सुटे भाग परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा तिच्या संघटनेने सांगितलेल्या मार्गानेच, पावतीसह घ्यावेत.

स्प्रिंगच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे, आपल्या मुलीला हलक्या स्प्रिंगची गरज नाही. तिचा खेळ डोळ्यांसमोर आणून पाहा. साठ गोळ्यांपैकी पहिल्या तीस प्रिसिजनच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या तीस रॅपिडच्या, पण त्यातही लक्ष्य तीन सेकंद समोर येते, त्या तीन सेकंदांत एकच गोळी मारायची असते, आणि पुढचे लक्ष्य येण्याआधी सात सेकंद मिळतात. त्या सात सेकंदांत हात पंचेचाळीस अंशांवर खाली आलेला असतो. साइट सेकंदाच्या कितव्या भागात परत आली याला इथे काही किंमत नाही. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात, तिथे हा विचार महत्त्वाचा ठरतो, आणि टेक्सासच्या वाचकांच्या खेळात तर तो सर्वांत आधी येतो. आपल्या मुलीसाठी मात्र साठच्या साठ वेळा पिस्तूल न अडखळता चालणे हीच स्प्रिंगची एकमेव कसोटी आहे.

शिवाय तिच्या पिस्तुलाची यंत्ररचना वेगळी आहे. .२२ च्या या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड किंवा बोल्ट (स्लाइडसारखाच मागे-पुढे सरकणारा भाग) यांची कुलूपबंदी नसते, बोल्टचे वजन आणि स्प्रिंग मिळून पुंगळीला क्षणभर आत धरून ठेवतात. चाळीस ग्रेनच्या त्या लहान गोळीकडून यंत्र चालवायला मिळणारी ताकद मुळातच बेताची असते आणि उत्पादकाने स्प्रिंग त्या बेताने ठरवलेली असते. तिच्यात फेरफार करण्याआधी काय अडते ते नीट नोंदवावे. पुंगळी बाहेर न पडता तोंडाशी उभी अडकते का, पुंगळी जाऊनही नवे काडतूस उचलले जात नाही का, की काडतूस चेंबरमध्ये निम्मे जाऊन थांबते? पहिल्या दोन प्रकारांत बोल्ट पुरेसा मागे जात नाही, बहुधा काडतूस अशक्त असते किंवा तेल वाळून चिकट झालेले असते. तिसऱ्या प्रकारात चेंबरमध्ये मेण आणि काजळीचा थर बसलेला असतो, आणि तिथे हलकी स्प्रिंग घातली तर दोष वाढेल, कारण काडतूस आत ढकलणारी ताकदच आपण कमी केलेली असेल.

.२२ ची गोळी वंगणाने माखलेली असते. ते वंगण आणि काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी एक कडक कडे तयार होते, जे बोटाला लागत नाही पण काडतुसाला लागते. चेंबर नीट पुसावे, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची घाण काडीने काढावी, उत्पादकाने सांगितले आहे तिथेच आणि तेवढेच तेल द्यावे, आणि त्याने शिफारस केलेल्या प्रमाण वेगाच्या काडतुसांचे दोन-तीन लॉट आणून प्रत्येकी शंभर गोळ्यांची वही ठेवावी. कोणत्या मॅगझिनमध्ये अडकले तेही लिहावे. मॅगझिनांवर क्रमांक घातलेले नसतील तर आजच घालावेत, कारण अशा तक्रारींत पुष्कळदा एकाच मॅगझिनचे ओठ वाकलेले निघतात. एवढे करूनही दोष राहिला आणि स्प्रिंग कित्येक हजार गोळ्या चाललेली असेल, तर त्याच उत्पादकाची, त्याच मापाची नवी स्प्रिंग घालावी.

आपल्याच शहरातील राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या अंतिम फेरीत बरोबरी फुटेपर्यंत पुन्हा पुन्हा गोळ्या झाडाव्या लागल्या होत्या. अशा वेळी हातातले यंत्र चालेल की नाही ही शंका मनात नसणे, ही मोठी गोष्ट आहे, आणि ती तिला आपण आतापासून द्यावी.

प्रश्न : मेलबर्नमध्ये आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या प्रॉडक्शन ऑप्टिक्स गटात ग्लॉक १७ (तिसरी पिढी) वापरतो. मूळ स्प्रिंग काढून स्टीलच्या गाइड रॉडसह (स्प्रिंगच्या आतल्या दांडीसह) १३ पौंडांची बसवली. डॉट (ऑप्टिक साइटमधला प्रकाशाचा ठिपका) आता छान परत येतो, पण कधी कधी ट्रिगर ओढला तरी गोळी उडत नाही आणि पाहिले तर स्लाइड किंचित उघडी दिसते.

उत्तर : आपल्या पिस्तुलातली मूळ स्प्रिंग सुमारे १७ पौंडांची असते, त्यामुळे आपण एकदम चार पौंड खाली आलात. ग्लॉकमध्ये यामुळे एक खास अडचण येते, जी हॅमर असलेल्या १९११ मध्ये येत नाही. ट्रिगर ओढताना स्ट्रायकर (हॅमरऐवजी काडतुसावर टोला देणारी पिन) फ्रेममधल्या भागाने मागे ओढला जातो आणि त्याची स्प्रिंग दाबली जाते. ती स्प्रिंग स्लाइडच्या पोटात असल्यामुळे तिचा उलटा जोर स्लाइडला मागे लोटतो. म्हणजे आपण ट्रिगर ओढता तेव्हा दोन स्प्रिंगांची ओढाताण चाललेली असते, रिकॉइल स्प्रिंग स्लाइड बंद ठेवते आणि स्ट्रायकरची स्प्रिंग ती उघडू पाहते. बंद अवस्थेत रिकॉइल स्प्रिंगचा जोर पाकिटावरच्या १३ पौंडांपेक्षा पुष्कळ कमी असतो, हे वर सांगितलेच आहे. तो जुनेपणाने आणखी घटला किंवा चेंबर मळले, की स्लाइड केसभर मागे सरकते आणि पिस्तूल गोळी झाडण्याचे नाकारते. असे नाकारणे ही त्याची सुरक्षाव्यवस्था आहे, आणि तिच्याशी तडजोड करू नये.

घरी खात्री करून घ्यावी. खोलीत एकही काडतूस नसावे, मॅगझिन काढलेले असावे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासावे. मग पिस्तुलाचे तोंड सुरक्षित दिशेला वर करून स्लाइड हाताने मागे ओढावी आणि हात न काढता अगदी सावकाश पुढे सोडावी, ती आपोआप पूर्ण बंद झाली पाहिजे. त्यानंतर तोंड वरच ठेवून ट्रिगर हळूहळू ओढावा आणि स्लाइडच्या मागच्या कडेकडे पाहावे. कडा फ्रेमपासून किंचितही मागे सरकली तर ही स्प्रिंग आपल्या पिस्तुलाला अपुरी आहे. आपले वर्णन पाहता ती सरकेल असे मला वाटते. स्लाइडवर बसवलेल्या डॉटचे वजनही या परीक्षेत हिशेबाला येते, तोंड वर असताना स्प्रिंगला तेही उचलून धरावे लागते.

यावर पुष्कळजण स्ट्रायकरची हलकी स्प्रिंग घालून तोल साधतात. मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण कठीण प्रायमरच्या (बुडातल्या, टोल्याने पेटणाऱ्या टोपीच्या) काडतुसांवर मग टोला कमी पडतो आणि एका दोषाच्या जागी दुसरा येतो. १५ पौंडांची स्प्रिंग घ्यावी. डॉटच्या परतीत फरक पडेल, पण आपण समजता त्यापेक्षा कमी, आणि पकड थोडी वर चढवून, डाव्या हाताचा दाब वाढवून तो बराचसा भरून काढता येतो. आणि कोणताही बदल कायम करण्याआधी आपल्या गटाचे चालू नियम वाचून घ्यावेत. प्रॉडक्शनच्या गटांत कोणता भाग बदलू द्यायचा याची बंधने इतर गटांपेक्षा कडक असतात.

प्रश्न : स्प्रिंग किती गोळ्यांनंतर बदलावी? आणि जड स्प्रिंगची दोन वेटोळी कापून ती हलकी करता येते का? (न्यू जर्सी येथील एक वाचक)

उत्तर : १९११ मध्ये मी दोन ते तीन हजार गोळ्यांना स्प्रिंग बदलतो. पण गोळ्यांच्या संख्येपेक्षा लांबी पाहणे बरे. नवी स्प्रिंग शंभरेक गोळ्यांत थोडी बसते, म्हणजे दबून आखूड होते, तिथे तिची लांबी मोजून वहीत लिहावी. त्यानंतर पिस्तूल पुसताना तिला टेबलावर तिच्या जोडीच्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवावे. एक-दीड वेटोळ्याइतकी आखूड दिसू लागली की ती बसली, तिचा आकडा आता पाकिटावरचा राहिलेला नाही. हलकी स्प्रिंग वापरणाऱ्यांनी हे अधिक काटेकोरपणे पाहावे, कारण १६ ची बसून १५ झाली तर पिस्तूल चालते, १० ची बसून ९ झाली तर आपण ज्या काठावर उभे होतो त्याच्या पलीकडे गेलेलो असतो.

कापू नये. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट बदलतो. तीस वेटोळ्यांतली तीन काढली तर उरलेली स्प्रिंग दर इंचामागे नऊ भागांत एक भाग अधिक कडक होते. समजा, एखादी स्प्रिंग मोकळी साडेसहा इंच लांब आहे, पिस्तूल बंद असताना ती पावणेचार इंचांवर दाबलेली असते आणि उघडे असताना सुमारे पावणेदोन इंचांवर. ती कापल्यावर बंद अवस्थेतला दाब झपाट्याने घटतो, पण उघड्या अवस्थेतला त्या मानाने फारच थोडा कमी होतो. म्हणजे स्लाइड बंद ठेवण्याचे जे काम तिने चोख करायला हवे, तिथे ती दुबळी होते, आणि जिथे ती हलकी हवी होती तिथे जवळपास तशीच राहते. हलकी स्प्रिंग बारीक तारेची आणि पुरेशा लांबीची बनवलेली असते, म्हणून ती दोन्ही टोकांना नीट वागते.

जाता जाता, मागच्या ठोक्यासाठी काहीजण स्प्रिंगच्या मागे प्लॅस्टिकची चकती बसवतात. तिने स्लाइडचा प्रवास तिच्या जाडीइतका आखूड होतो. चकती घालायचीच असेल तर स्लाइड मागच्या खाचेपर्यंत अडकते का, आणि उघड्या स्थितीत स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटत तर नाहीत ना, हे पाहावे. चिकटत असतील तर थांबवण्याचे काम फ्रेमऐवजी ती तारच करते आहे, आणि अशी तार फार दिवस टिकत नाही. चकतीचे तुकडे पडू लागले की तेच यंत्रात अडकतात, म्हणून दर पुसणीला ती बाहेर काढून पाहावी आणि कडेला चीर दिसताच टाकून द्यावी.